तळटीप : ‘सबस्टन्स पी’
* सबस्टन्स पी : ११ अमिनो आम्लांचे न्यूरोपेप्टाइड. उल्फ फॉन ऑयलर व जॉन गॅडम यांनी १९३१मध्ये घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात शोधले. लेखकाने येथे त्याला ‘वेदनेचे रसायन’ म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. त्वचेला सूज आली की मज्जारज्जूलगतच्या गंडिकांमधील संवेदी चेतापेशी हे द्रव्य जास्त बनवतात. पण नसच तुटली तर त्वचेतून पेशीकडे येणारा चेतावर्धक घटक (एनजीएफ) बंद होतो आणि चित्र उलटते. सबस्टन्स पी व सीजीआरपी हे दुसरे न्यूरोपेप्टाइड ओसरतात; एरवी जेमतेम सापडणारी गॅलनिन, न्यूरोपेप्टाइड वाय ही द्रव्ये भरभरून तयार होतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टोमास हॉकफेल्ट व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून या बदलाचा कसून मागोवा घेतला. जखम भरूनही दुखणे सरत नाही असे सांगणाऱ्या रुग्णावर अविश्वास दाखवला जातो, म्हणून हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे : त्याच्या चेतापेशी खरोखरच बदललेल्या असू शकतात. सबस्टन्स पीचा ग्राही रोखणारी औषधे माणसांतील वेदनेवर अपयशी ठरली; त्यांतले अ‍ॅप्रेपिटंट आज केमोथेरपीनंतरची उलटी थांबवण्यासाठी देतात. — संपा.