कोष्टकातील रिकामी जागा

इ. स. १६२४ मध्ये हेन्री ब्रिग्ज या इंग्रज गणितज्ञाने लॉगॅरिथमचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांची कोष्टके चौदा दशांश स्थळांपर्यंत दिली होती. मधल्या सत्तर हजार संख्यांची जागा मात्र मोकळीच होती. ब्रिग्जने ती उणीव झाकली नाही. म्हणूनच हॉलंडमधील आद्रियान व्लाक याला १६२८ साली, दहा स्थळांपर्यंत का होईना, संपूर्ण कोष्टक लोकांपुढे ठेवता आले.

कोष्टकातील उणिवेचा हाच प्रश्न पुढे विसाव्या शतकात विद्युत्-मंडलांच्या अभ्यासात उभा राहिला. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात लॉरेन्स नेगल व प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या परिश्रमांतून ‘स्पाइस’ ही संगणक-प्रणाली सिद्ध झाली आणि १९७३ साली ती विद्वानांपुढे मांडण्यात आली. मंडल प्रत्यक्ष जोडण्यापूर्वीच त्याचे वर्तन गणिताने पाहता येऊ लागले. परंतु त्यासाठी प्रत्येक भागाची अंतर्रचना ठाऊक असावी लागे, आणि चिप बनविणारे कारखाने ती उघड करण्यास सहसा राजी नसत.

यावर १९९३ साली इंटेल कंपनीच्या पुढाकाराने ‘आयबिस’ नावाचा तोडगा निघाला. आतली रचना गुप्त राहू द्यावी. चिपच्या टोकाशी किती व्होल्टला किती प्रवाह वाहतो, याचे कोष्टक तेवढे द्यावे. तारेच्या टोकावरून संकेत परावर्तित होऊन दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. त्यामुळे पाच व्होल्टच्या चिपचे कोष्टक उणे पाचपासून दहा व्होल्टपर्यंत असावे, असे ठरले.

पण सारेच आकडे हाती नसतील तर? त्यासाठी नियमांतच सोय आहे. अशा जागी ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, असे लिहावे. मात्र कोष्टकाच्या मुख्य स्तंभातील पहिली व शेवटची नोंद आकड्यांतच हवी. मधली पोकळी शेजारच्या आकड्यांवरून अंदाजता येते. टोकापलीकडे आधार उरत नाही.

या दोन अक्षरांचे मोल मोठे आहे. त्यांच्या जागी कोणी शून्य लिहिले, तर ‘येथे प्रवाह वाहतच नाही’ असे ठाम विधान होते. संगणक ते निमूटपणे खरे मानतो, आणि कागदावर निर्दोष ठरलेले मंडल प्रत्यक्षात फसू शकते. रिकामी जागा पुढच्या माणसाला सावध करते. खोटा आकडा त्याला बेसावध ठेवतो. ब्रिग्जच्या मोकळ्या पानांचाही धडा हाच आहे.