ठाणे-कल्याणचं जुनं रेल्वे तिकीट खरं की बनावट? कसं ओळखायचं आणि ‘ग्रेडिंग’वर किती विसंबायचं?

घरातल्या जुन्या पेटीत किंवा एखाद्या पुस्तकाच्या पानांत जाड पुठ्ठ्याचं छोटंसं रेल्वे तिकीट सापडतं. ‘ठाणे ते व्ही. टी.’ किंवा ‘कल्याण ते दादर’ असं काहीतरी त्यावर छापलेलं असतं. अशी तिकिटं आता विकली जातात आणि विकतही घेतली जातात. ठाण्याच्या बाबतीत तर विक्रेत्याकडे एक हुकमी वाक्य असतं: ‘देशातली पहिली प्रवासी रेल्वे जिथवर धावली, तिथलं तिकीट.’

वाक्य खरं आहे. तिकीट खरं आहे का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर हल्ली अनेकजण परदेशी ग्रेडिंग कंपन्यांकडे शोधतात.

ग्रेडिंग म्हणजे काय?

अमेरिकेत क्रिकेट-बेसबॉलची कार्डं, नाणी, नोटा आणि सामन्यांची तिकिटं तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत. ‘पीएसए’ ही त्यातली सर्वांत परिचित. वस्तू अस्सल वाटली तर तिला 1 ते 10 मधला अंक मिळतो, ती कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होते आणि वर क्रमांकाची पट्टी लागते. संग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात.

या अंकामागे मोठा पैसा आहे. मायकल जॉर्डनच्या 1984 मधल्या शिकागो बुल्ससाठीच्या पदार्पणाच्या सामन्याचं न फाडलेलं तिकीट फेब्रुवारी 2022 मध्ये लिलावात 4 लाख 68 हजार डॉलरला गेलं.

पण इथे एक गल्लत सर्रास होते. अंक सांगतो तो मुख्यतः वस्तूच्या अवस्थेबद्दल: कोपरे शाबूत आहेत का, घडी पडली आहे का, डाग आहेत का. ती अस्सल आहे का, हा त्याआधीचा स्वतंत्र निर्णय असतो. तो घ्यायला तपासणाऱ्याला त्या विषयाची माहिती हवी. बेसबॉलच्या तिकिटांत मुरलेल्या माणसाला 1950 साली डोंबिवलीच्या खिडकीवर कसलं तिकीट मिळायचं हे माहीत असेल, असं गृहीत धरता येत नाही.

मोठ्या कंपन्याही चुकतात

या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण होनस वॅगनर या बेसबॉलपटूच्या कार्डाचं आहे. पीएसएने 1991 मध्ये ग्रेड केलेलं हे पहिलंच कार्ड. त्याला 10 पैकी 8 मिळाले आणि पुढे ते लाखो डॉलरना विकलं गेलं. कार्डाच्या कडा कापून नीट केल्या असाव्यात, अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. अखेर 2013 मध्ये बिल मास्ट्रो या लिलावदाराने अमेरिकी न्यायालयात कबूल केलं की कडा त्यानेच कापल्या होत्या. म्हणजे ज्या कार्डावर कंपनीचं नाव झालं, त्याच कार्डातली फेरफार तिच्या तपासणीतून निसटली होती.

दुसरा मुद्दा हितसंबंधांचा. पीएसएच्या मालक कंपनीने 2021 मध्ये ‘गोल्डिन’ हे लिलावघर विकत घेतलं आणि 2024 मध्ये ते ईबेला विकलं. त्याच 2024 मध्ये ‘एसजीसी’ ही प्रतिस्पर्धी ग्रेडिंग कंपनीही या मालकाकडे आली. परीक्षक आणि बाजार इतके जवळ असताना अंकाकडे थोडं सावधपणेच पाहिलेलं बरं.

शिवाय स्लॅबही बनावट येतात. कंपनीच्या साइटवर क्रमांक टाकून पडताळणी करता येते खरी, पण खऱ्या स्लॅबचाच क्रमांक उचलून खोट्या पट्टीवर छापला असेल तर साइट ‘बरोबर’ असंच दाखवणार. म्हणून नुसता क्रमांक नव्हे, साइटवर फोटो असेल तर तोही हातातल्या वस्तूशी ताडून पाहायला हवा.

मग तिकीट तपासायचं कसं?

आपल्याकडच्या रेल्वे तिकिटाचा एक मोठा फायदा आहे. ते स्वतःबद्दल बरंच काही बोलतं.

पुठ्ठ्याचं तिकीट ही थॉमस एडमंडसन या इंग्रज रेल्वे कर्मचाऱ्याची कल्पना, 1830 च्या दशकाच्या अखेरची. आकार साधारण 57 बाय 30 मिलिमीटर. त्यावर स्थानकांची नावं, वर्ग, भाडं आणि अनुक्रमांक आधीच छापलेले असत. खिडकीवरचा कारकून ते यंत्राच्या खाचेत घालून त्यावर तारीख उमटवायचा. ‘खट्ट’ असा तो आवाज जुन्या प्रवाशांच्या कानात अजून असेल. मध्य रेल्वेचा तिकीट छापखाना भायखळ्याला होता.

या प्रत्येक तपशिलाला काळ चिकटलेला आहे. ‘जीआयपी’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1925 मध्ये सरकारकडे आली आणि मध्य रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला स्थापन झाली. आणे-पै जाऊन दशमान चलन 1 एप्रिल 1957 ला आलं. ‘नया पैसा’ हे नाव 1964 पर्यंत टिकलं. तिसरा वर्ग 1974 मध्ये बंद झाला. व्ही. टी.चं सीएसटी झालं 1996 मध्ये, सीएसएमटी 2017 मध्ये. इंग्रजीत ठाण्याचं नाव पूर्वी ‘ठाणा’ असं लिहीत. 1962 ची तारीख आणि भाडं आण्यांत, असं तिकीट समोर आलं तर पुढचं बोलणंच खुंटतं.

अर्थात एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. छापून ठेवलेला साठा बदलानंतरही काही काळ वापरात राहू शकतो. त्यामुळे नव्या तारखेवर जुनं नाव दिसलं तर लगेच खोटं म्हणू नये. जुन्या तारखेवर नवं नाव दिसलं, तर मात्र त्याला सबब नाही.

हाच निकष ‘पहिल्या गाडीच्या तिकिटा’ला लावून पाहा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीत सुमारे 400 जण होते आणि ते निमंत्रित पाहुणे होते. त्या दिवशीचं भाड्याचं तिकीट कुणी दाखवलं, तर पाहुण्यांनी तिकीट का काढलं, हा साधा प्रश्न विचारावा. त्यावर कल्याणचं नाव असेल तर प्रश्नही विचारायला नको, कारण कल्याणपर्यंतची गाडी 1 मे 1854 ला सुरू झाली.

भिंग, दिवा आणि पाठची बाजू

त्यानंतर छपाई. जुनी तिकिटं खिळ्यांच्या छपाईची असत. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं तर अक्षर पुठ्ठ्यात किंचित दबलेलं आणि कडेला शाई जरा जास्त साचलेली दिसते. इंकजेट प्रिंटरच्या छपाईत रंगीत ठिपके दिसतात, लेसर प्रिंटरची शाई पृष्ठभागावर थरासारखी बसलेली असते.

नोटा तपासायचा यूव्ही दिवाही उपयोगी पडतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून मिसळलं जाणारं चमक आणणारं रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं. 1930 चं म्हणवणारं तिकीट या दिव्याखाली निळसर चमकलं तर संशय घ्यावा. चमकलं नाही म्हणून मात्र ते खरं ठरत नाही, कारण तसा कागद आजही मिळतो. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला पुठ्ठा बहुधा सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो. खऱ्या वापरातला मळ कडांवर आणि बोटं लागतात तिथे जास्त असतो.

तिकीट तुमच्याकडे आलं कसं?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण उत्तर बरंच काही सांगून जातं. प्रवास संपल्यावर मागितल्यास तिकीट परत द्यावं, असं रेल्वे कायदा 1989 चं कलम 54 सांगतं आणि स्थानकाच्या दारात टीसी तिकिटं गोळा करत, ही पद्धत त्याआधीपासूनची. म्हणजे वापरलेलं तिकीट हाती राहिलं तर ते टीसीच्या नजरेतून सुटलेलं. एकाच विक्रेत्याकडे एकाच मार्गाची, ओळीने अनुक्रमांकांची, तारीख नसलेली पन्नास कोरी तिकिटं असतील, तर ती छापखान्यातल्या किंवा स्थानकातल्या उरलेल्या साठ्यातून आली असणार. ती अस्सल असतीलही, पण मग ‘दुर्मीळ’ कशी?

घरात सापडलेल्या तिकिटासोबत त्याच काळाचा पास, पत्र, पगाराची पावती असेल तर ते सगळं एकत्रच ठेवावं. कुणाचं, कुठून आलं, हे कागदावर लिहून ठेवावं. विकायचं ठरलंच तर स्लॅबवरच्या अंकापेक्षा जाणकार खरेदीदार यालाच जास्त किंमत देईल. आणि कृपया लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे जपायचं म्हटलं की पहिली धाव झेरॉक्सच्या दुकानाकडे असते. तिथली उष्णता आणि चिकट प्लास्टिक पुठ्ठ्यातून पुन्हा निघत नाही. आम्लविरहित कागदाचं पाकीट पुरतं.

तिकीट ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवण्याआधी कायदाही पाहावा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू आणि 75 वर्षांहून जुने ऐतिहासिक मूल्याचे दस्तऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. साधं लोकलचं तिकीट त्यात बसेल का, हे त्या तिकिटाच्या महत्त्वावर ठरेल. शंका असेल तर वस्तू पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेता येतं, आणि ते पार्सल करण्याआधी घ्यायचं असतं.