बोंडू, बी आणि हात

काजूच्या झाडाचे फळ कोणते, असे विचारले तर दहांपैकी नऊ जण लाल-पिवळ्या बोंडूकडे बोट दाखवतील. वनस्पतिशास्त्राचा निकाल मात्र त्यांच्या विरुद्ध आहे. फूल गळल्यावर आधी धरते ती हिरवी, वाकडी बी. ती भरली म्हणजे मग तिच्या माथ्यावरचा देठ फुगू लागतो आणि त्याचा बोंडू होतो. तेव्हा बोंडू हा देठ. आपण जिला बी म्हणतो ते खरे फळ. आणि काजूगर हे त्या फळातले बीज. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा ही सारी एकाच कुळातली मंडळी. आंब्याने आपला गोडवा फळात ठेवला. काजूने तो देठाला देऊन टाकला आणि फळाच्या सालीत कातडी भाजणारे तेल भरले.

ही तऱ्हा आपल्या लोकांना नवी नव्हती. बिब्ब्याचेही असेच असते. परीट कपड्यावर खूण करतो ते काळे फळ, आणि त्याच्या डोक्यावर नारिंगी देठ. युरोपातले जुने औषधवाले बिब्ब्याला त्याच्या हृदयासारख्या आकारावरून ‘ॲनाकार्डियम’ म्हणत. १७५३ साली लिनियसने ते नाव उचलून काजूला दिले व पुढे ‘ऑक्सिडेंटाले’, म्हणजे पाश्चात्त्य, असे जोडले. नाव पूर्वेच्या झाडाचे, ते बसले पश्चिमेच्या झाडावर!

झाड मूळचे ब्राझीलचे. तेथील तुपी लोकांच्या ‘अकाजू’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी ‘काजू’ केले आणि तोच आपल्या तोंडी बसला. गार्सिया द ऑर्टा याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिग्रंथात बिब्बा आहे, काजू नाही. क्रिस्तोव्हाव द कॉस्ता याच्या १५७८ च्या ग्रंथात मात्र कोचीनच्या बागांतला काजू आढळतो. डोंगरउताराची धूप थांबावी म्हणून पोर्तुगीजांनी तो लावला, असे सांगतात. आम्हांला वाटते, खलाशाच्या गाठोड्यातल्या चार बियांनाही एवढे काम जमले असते. मल्याळी माणसाने त्याला ‘परंगी मावु’, म्हणजे फिरंग्यांचा आंबा, म्हटले. कूळ ओळखायला त्याला लिनियसची गरज पडली नाही.

पुढची तीनशे वर्षे काजू घरगुतीच राहिला. गोवेकरांनी बोंडू तुडवून रस काढला, आंबवला, एकदा गाळून हुर्राक केली आणि पुन्हा गाळून फेणी. बियेला जगाची बाजारपेठ मिळाली ती १९२० नंतरच्या दशकात, जेव्हा कोल्लम आणि मंगळूर येथून काजूगर अमेरिकेला जाऊ लागला. डब्यातली हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरला की गराला कीड लागत नाही, ही युक्ती त्या कामी आली. येथली बी पुरेना, तेव्हा पूर्व आफ्रिकेतून जहाजे भरून बी येऊ लागली. माल मोझांबिकचा, गिऱ्हाईक न्यूयॉर्कचे. मग मध्ये कोल्लम कशासाठी? स्वस्त हातांसाठी. आमच्या मते या धंद्याचा इतिहास येथूनच वाचला पाहिजे.

ते हात बहुतेक बायकांचे. भाजण्याचे काम पुरुषांकडे; फोडणे, सोलणे, निवडणे बायकांकडे. भाजलेली बी दगडावर ठेवून लाकडी ठोकळ्याने अशी मारायची की साल फुटावी, गर फुटू नये. सालीचे तेल बोटांना लागले की कातडी जळते, म्हणून राख चोळायची. मग सुरीने तांबडे पापुद्रे काढायचे. मजुरी वजनावर, हात थांबला की मजुरी थांबली. हेच तेल पुढे ब्रेकच्या अस्तरात आणि रंग-व्हार्निशात जाते व त्याला चांगला भाव येतो.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यानंतर केरळात दर ठरले, संघटनाही बळावल्या. तेव्हा कित्येक मालकांनी बी सरहद्दीपलीकडे तामिळनाडूत नेली, किंवा झोपड्यांत वाटली. या झोपडीतल्या भाजणीला तिकडे ‘कुडिवरुप्पु’ म्हणतात. विडीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ही चाल समजावून सांगायला नको. १९६९ साली केरळ सरकारने स्वतःचे काजू महामंडळ काढले, तरी खाजगी मालकांची पळापळ थांबली नाही.

दुकानात काजूच्या पुड्यावर १८०, २४०, ३२० असे आकडे असतात. पुष्कळांना ती किमतीची खूण वाटते. वास्तविक एका पौंडात जास्तीत जास्त तेवढे अखंड गर बसतात, एवढाच त्याचा अर्थ. आता हिशेब करून पहा. १८० नंबरचा पौंड भरायला सुरी एकशेऐंशी वेळा चालवावी लागते. ३२० नंबरचा भरायला तीनशेवीस वेळा. वजनाचा दर दोन्हींना एकच असेल, तर बारीक बी सोलणारी बाई पावणेदोनपट काम करून तेवढेच पैसे घरी नेते. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ साली निघाले. तेथून निघालेल्या ‘वेंगुर्ला ७’ सारख्या जातींची बी चांगली टपोरी असते. ती लावणाऱ्या बागायतदाराला भाव जास्त मिळतो. सोलणारणीचा दर ठरवताना मात्र वजनाबरोबर नंबरही धरा, ही मागणी प्रत्येक कारखान्यात मांडता येण्याजोगी आहे, आणि तिला गणित एवढेच लागते.