पडलेल्या फळाचा साज

सफरचंदाचे नाव घेताच आपल्या मनासमोर एदेनबाग उभी राहते. वास्तविक उत्पत्तीच्या पुस्तकात निषिद्ध फळाचे नाव कोठेही दिलेले नाही. तो ठपका सफरचंदावर मध्ययुगातील पश्चिम युरोपात बसला आणि चित्रकारांनी तो पक्का केला. ज्या फळाला असा दोष लागला, तेच फळ युरोपातील गृहिणी आणि आचारी शरद ऋतूत पिठाच्या पारीत घालून, तिच्यावर पानाफुलांची वेलबुट्टी काढून, जेवणाच्या शेवटी मोठ्या मानाने पंगतीत आणत आले आहेत. या गोड पदार्थाचा इतिहास सांगताना आम्हाला एका प्रश्नाचाही विचार करावयाचा आहे. खाऊन संपणाऱ्या वस्तूवर एवढी कलाकुसर करावी काय? ती उधळपट्टी आहे, की तिला काही अर्थ आहे? आपल्या धर्मग्रामांतही सणासमारंभाच्या वेळी हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. म्हणून त्याचे उत्तर इतिहासात शोधून पाहू.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपल्याकडे ‘पेस्ट्री’ म्हटले की क्रीम लावलेला केकचा तुकडा डोळ्यांसमोर येतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. मैदा, लोणी आणि पाणी यांची पारी, तिच्यात सफरचंदाचे सारण आणि भट्टीची आच, असा हा पदार्थ होय. वरून झाकलेला असला तर त्याला ‘पाय’ म्हणतात, उघडा असला तर बहुधा ‘टार्ट’. करंजी करणाऱ्या आमच्या भगिनींना त्याची कल्पना सहज येईल. करंजी तळली जाते आणि हा भाजला जातो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आज आपण खातो त्या सफरचंदाचे माहेर मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या उतारांवर आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२९ साली आजच्या कझाकस्तानातील अल्माटीच्या परिसरात रानटी सफरचंदांची वने पाहिली आणि या फळाचे मूळ येथेच असावे असे मत मांडले. पुढे जनुकांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा मिळाला. या झाडाचा एक स्वभाव मोठा विलक्षण आहे. बी पेरून उगवलेले झाड आईसारखे फळ देत नाही. चांगली जात टिकवायची तर कलमच बांधावे लागते. कलमाची विद्या रोमन लोकांना अवगत होती. त्यांचे साम्राज्य कोसळल्यावर ती जतन करण्यास मठांच्या बागांनी मोठा हातभार लावला.

इ. स. ८००च्या सुमारास, शार्लमेन बादशहाच्या काळात, राजाच्या जमिनींची व्यवस्था कशी ठेवावी याविषयी एक आज्ञापत्र निघाले. त्यात गोझमारिंगा, गेरोल्डिंगा, क्रेवेडेल्ला, स्पिराउका अशी सफरचंदांच्या जातींची नावे आढळतात. त्याबरोबरच गोड, आंबट, साठवून ठेवण्याजोगी आणि लगेच खाण्याजोगी असे भेदही केलेले आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, ८२०च्या सुमारास, आदर्श बेनेडिक्टाइन मठाचा एक नकाशा चर्मपत्रावर रेखाटला गेला. तो आजही स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथील मठाच्या ग्रंथालयात आहे. या नकाशात मठाची फळबाग आणि मठाचे कब्रस्तान एकाच जागी दाखवले आहे. बंधूंच्या थडग्यांच्या मधून सफरचंद, नासपती अशा फळझाडांची नावे लिहिली आहेत. मृतांच्या भूमीतून जिवंतांना फळ मिळावे, ही योजना आखणाऱ्याच्या मनात काय होते हे आम्ही सांगावयास नको. नोव्हेंबर महिन्यात आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या वाचकाला ते आपोआप उमगेल.

आपण भाताची नवी कणसे घेऊन आगेरा साजरा करतो, त्याच सुमारास युरोपातील बागांत सफरचंदांची तोडणी चालू असते. आज्ञापत्रातील साठवण्याची फळे आणि लगेच संपवण्याची फळे हा भेद येथे कामास येतो. निर्दोष फळे हलक्या हाताने तोडून गवताच्या पेंढ्यावर माळ्यात मांडत. ती कित्येक आठवडे, काही जाती तर वसंतापर्यंत, टिकत. परंतु वाऱ्याने खाली पडलेल्या, मार लागलेल्या, किडीने पोखरलेल्या फळांचे काय करावयाचे? तसे एक फळ साठ्यात राहिले तर आजूबाजूच्या फळांनाही ते लवकर पिकवते आणि नासवते. म्हणून ती फळे घरात येत. डागाळलेला भाग सुरीने काढून टाकत आणि उरलेल्या चांगल्या भागाचे सारण होई. सफरचंदाचा पाय हा शरद ऋतूचा पदार्थ झाला तो या निकडीतून. माळ्यात जाण्यास जे लायक ठरले नाही, तेच पारीत गेले.

चौदाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील एका इंग्रजी हस्तलिखितात सफरचंदाच्या टार्टची कृती आहे. सॅम्युएल पेग यांनी १७८० साली ती छापून प्रसिद्ध केली. चांगली सफरचंदे, मसाले, अंजीर, मनुका आणि नासपती एकत्र ठेचावीत, केशराने रंग द्यावा आणि सारण ‘कॉफिन’मध्ये भरून नीट भाजावे, असे ती सांगते. साखरेचा उल्लेख नाही. त्या काळी साखर फार महाग होती आणि गोडवा सुक्या मेव्यातून मिळे. ‘कॉफिन’ हा शब्द वाचून वाचक दचकतील, कारण आपण तो केवळ शवपेटीसाठी वापरतो. त्या शब्दाचा जुना अर्थ टोपली किंवा पेटी असा होता. पिठाची ती जाड, टणक पेटी मुख्यतः भांड्याचे काम करी. सारण तिच्यात शिजे आणि झाकण घट्ट असले तर काही काळ टिकेही.

कलाकुसरीचा उगम येथे दिसतो. झाकण पूर्ण बंद ठेवले तर आतील वाफ पारी फोडून बाहेर येते. म्हणून त्यावर चिरा द्याव्या लागत. चीर द्यावयाचीच तर ती पानाच्या आकाराची का देऊ नये? वरची व खालची पारी एकमेकींना चिकटवण्यासाठी कडा दाबावी लागे. दाबावयाचीच तर ती वेणीसारखी का दाबू नये? उरलेल्या पिठाचे तुकडे फेकून देण्याऐवजी त्यांची फुले करून झाकणावर बसवत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात पास्टीवर, म्हणजे तेथील करंजीसारख्या पदार्थावर, ज्याची त्याच्या नावाची आद्याक्षरे पिठाने काढण्याची चाल होती, ती आपले अन्न ओळखता यावे म्हणून. अशा रीतीने शोभा ही गरजेच्या पोटी जन्मास आली.

या कामाचे हत्यारही फार जुने आहे. पोप चौथे पायस आणि पोप संत पाचवे पायस यांच्या स्वयंपाकघरात सेवा केलेले बार्तोलोमेओ स्काप्पी यांनी १५७० साली पाकशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रांत स्वयंपाकघरातील उपकरणांबरोबर कणीक कापण्याचे दातेरी चक्रही दाखवले आहे. नाताळच्या आधी आपल्या घरोघरी करंजीची कड कापण्यासाठी जे कातण डब्यातून बाहेर निघते, त्याचेच हे भावंड. आणि कातण न वापरता बोटांनी घातलेली मुरड ही तर त्याहूनही नाजूक कला. ज्यांनी मुरड घातली आहे त्यांना या इतिहासात परके असे काही वाटणार नाही.

मात्र या कलेची खरी कसोटी लागली ती सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. रॉबर्ट मे हा आचारी १५८८ साली जन्मला. त्याचा बाप डॉर्मर या कॅथलिक सरदार घराण्याचा आचारी होता. मुलगा दहा वर्षांचा असताना डॉर्मर बाईंनी त्याला पाककला शिकण्यासाठी फ्रान्सला पाठवले. परत आल्यावर त्याने आयुष्यभर बहुतेक कॅथलिक घराण्यांतच चाकरी केली. पुढे यादवी युद्ध पेटले. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. त्याआधीच, १६४७ साली, पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आदी सण बंद केले होते. प्युरिटन मंडळींच्या दृष्टीने असे सण हा अधर्म आणि अपव्यय होता. ज्या घरांत मे राबला, त्या घरांवर या काळात मोठी संकटे कोसळली.

१६६० साली राजा परतला. त्याच वर्षी, सत्तरी ओलांडलेल्या मे याने ‘द ॲकम्प्लिश्ट कुक’ हा आपला ग्रंथ छापला. त्यात पाय आणि टार्ट यांचे आकार व झाकणांवरील नक्षी दाखवणारी चित्रे आहेत. सफरचंदाच्या टार्टची कृतीही आहे. फळे लाल द्राक्षासवात दालचिनी व आले घालून शिजवावीत, पण मोडू देऊ नयेत, असे तो बजावतो. ग्रंथाच्या आरंभी तो गतकाळातील सणांच्या थाटाचे वर्णन करतो आणि देशातून पूर्वीचे आतिथ्य निघून गेल्याची खंत व्यक्त करतो. आपण गेलो की ही विद्याही आपल्याबरोबर कबरीत जाईल, या जाणिवेने म्हाताऱ्या आचाऱ्याने लेखणी हाती धरली असावी, असे ते वाचताना वाटते.

अपव्ययावर टीका करणाऱ्यांचे सारेच म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. श्रीमंतांच्या पंगती उतू जात असताना दाराशी भुकेले उभे असत, हे सत्य आहे. परंतु पंगतीला दोष देता देता त्यांनी सणच बंद केला, आणि सणाबरोबर गरिबाच्या वाट्याला येणारा घासही गेला.

हा पदार्थ पुढे स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला आणि तेथे शेतकऱ्याच्या घरचा झाला. १७९६ साली कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे अमेरिकन लेखिकेने लिहिलेले पहिले पाकपुस्तक निघाले. त्यात सफरचंदाच्या पायच्या दोन कृती आहेत. लेखिका अमेलिया सिमन्स. तिने मुखपृष्ठावर स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून दिली आहे. एकोणिसाव्या शतकात देवमासे मारण्यासाठी वर्षानुवर्षे समुद्रावर राहणारे अमेरिकन खलाशी देवमाशाच्या दातापासून कातणे कोरीत आणि घरी परतल्यावर ती पत्नीला किंवा आईला भेट देत. अशी कातणे तेथील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात.

सगळ्याच हातांची आठवण राहिली असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये पायसाठी सर्वांत नावाजलेले सफरचंद म्हणजे ब्रॅम्ली. ते आंबट असते आणि शिजले की लोण्यासारखे मऊ होते. साउथवेल या गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ साली लावलेल्या बियांतून त्याचे पहिले झाड उगवले. पुढे १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. १८५६ साली एका रोपवाटिकेच्या तरुणाने कलमासाठी फांद्या मागितल्या तेव्हा ‘माझे नाव द्याल तर देतो’ अशी अट ब्रॅम्लीने घातली. झाड लावले मुलीने, नाव राहिले घरमालकाचे!

आपल्या देशात सफरचंदाची व्यापारी बाग रुजवण्याचे श्रेय मुख्यतः सॅम्युएल स्टोक्स यांना दिले जाते. ते १९०४ साली अमेरिकेहून कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी आले, हिमाचलातील कोटगढला स्थायिक झाले आणि १९१६च्या सुमारास त्यांनी तेथे अमेरिकन ‘डिलिशस’ जातीची लागवड सुरू केली. त्याच जातीची फळे आज पावसाळा सरता सरता वाशीच्या बाजारात आणि तेथून आपल्या गावांत पोचतात. ती गोड असली तरी आंबटपणात कमी. म्हणून सारणात लिंबाचा रस घालावा लागतो. लिंबामुळे चिरलेल्या फोडी काळ्याही पडत नाहीत.

अलीकडे आपल्या मुली सफरचंदाची ‘गुलाबफुले’ करू लागल्या आहेत. सालीसकट पातळ चकत्या लिंबाच्या पाण्यात थोड्या गरम करून लवचिक करतात, लोण्याच्या पापुद्र्यांच्या कणकेच्या पट्टीवर एकीवर एक मांडतात आणि पट्टी गुंडाळतात. लोण्याच्या थरांमधील पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. सालीची लाल कड पाकळ्यांची कड होते. मार लागलेल्या फळाचा चांगला भागही येथे चालतो.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते इतिहास एक साधा निकष हाती देतो. जी शोभा पडलेल्या फळाला वाचवते, उरलेल्या पिठाचे सोने करते आणि वाटून खाल्ली जाते, तिला उधळपट्टी म्हणता येत नाही. जी शोभा केवळ शेजाऱ्याला दिपवण्यासाठी दुकानातून आणली जाते, तिच्याविषयी प्रत्येक घराने स्वतःशीच विचार करावा. आणखी एक गोष्ट. रॉबर्ट मे याने लिहून ठेवले म्हणून त्याची नक्षी आपल्याला ठाऊक आहे. ब्रेल्सफर्डच्या मुलीने काही लिहिले नाही, तिचे नाव फळावरून पुसले गेले. आपल्या घरांतील वृद्ध आयांच्या बोटांत अजून मुरड आहे. येत्या नाताळपूर्वी नातवंडांनी त्यांच्याशेजारी बसावे, ती शिकून घ्यावी आणि वहीत उतरवताना वर शिकवणारीचे नावही लिहावे.