शब्दकोडे आणि सरहद्द

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट तालुक्याच्या पूर्व टोकास, दुधनी हे तूर-मुगाच्या आडतीचे गाव वसले आहे. गावाजवळच्या सरहद्दीपलीकडचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता आणि 1 नोव्हेंबर 1956 पासून तो म्हैसूर राज्यात दाखल झाला. परंतु हद्दीच्या या फेरफारांनी लोकांच्या बोलण्यात मात्र फरक पडला नाही, व मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे एकाच ओसरीवर नांदत राहिल्या. सामान्य ज्ञानाच्या शब्दकोड्याचा इतिहास अशा गावाच्या बाजूने पाहिला म्हणजे त्याला एक निराळाच अर्थ प्राप्त होतो.

कोड्याची चौकट परदेशी आहे यात संशय नाही. आर्थर विन या पत्रकाराने 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात चौकटच्या पत्त्यावरील खुणेच्या आकाराचे पहिले कोडे छापले, आणि लंडनच्या ‘टाइम्स’ने, बराच काळ नाक मुरडल्यानंतर, 1930 च्या फेब्रुवारीत त्यास आपल्या पृष्ठांवर स्थान दिले. परंतु ज्ञानाची परीक्षा हा सार्वजनिक रंजनाचा विषय व्हावा, ही गोष्ट आमच्या मुलखाला त्यापूर्वीच परिचित होती. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या भेदिक, म्हणजे कूटप्रश्नांच्या, फडात एका पक्षाने पुराणांतील वंशावळींचे अथवा सृष्ट्युत्पत्तीचे कूट घालावे आणि दुसऱ्याने ते उभ्या उभ्या, गाण्यातूनच, सोडवावे. शिवाचा पक्ष तुऱ्याचा, शक्तीचा पक्ष कलगीचा. हाच वाद सरहद्दीपलीकडे हरदेशी-नागेशी या नावाने कानडीत गायिला जाई. ज्या शाहिराजवळ पुराणांचा संग्रह नाही त्याला फडात उभे राहणे कठीण असे. आणि रात्रभर बसलेला श्रोता, अक्षरशत्रू असला तरी, उत्तर चुकले की ते ओळखी.

मराठी कोड्याची रचना इंग्रजीहून कठीण आहे, हे त्याच्या घरांकडे पाहताच ध्यानात येते. तेथे एका घरात एक वर्ण बसतो. येथे काना-मात्रा-जोडाक्षरांसह संपूर्ण अक्षर बसवावे लागते. ‘दुधनी’स तीन घरे, ‘सोलापूर’ला चार, ‘ज्ञानेश्वर’लाही चारच. जेथे आडवा आणि उभा शब्द परस्परांस छेदतात तेथे अक्षर जुळून भागत नाही, मात्राही जुळावी लागते. म्हणून रचनाकाराला काळी घरे अधिक सोडावी लागतात, आणि सोडविणाऱ्याला छेदणाऱ्या शब्दांचा आधार कमी मिळून स्वतःच्या माहितीवर अधिक विसंबावे लागते. माझ्या मते मराठी कोडे सामान्य ज्ञानाकडे कलण्याचे हे एक मोठे कारण आहे. अशा माहितीची साधने विसाव्या शतकात विपुल झाली, हेही विसरता येत नाही: केतकरांचा ज्ञानकोश, चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश, आणि 1962 पासून खंडाखंडाने निघालेला महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश.

मध्यंतरी मात्र या निरुपद्रवी छंदाला द्रव्यलोभाची बाधा झाली. बक्षिसांच्या कोड्यांत प्रवेश फी भरून कूपन पाठवावयाचे, उत्तर आधीच मोहोरबंद करून ठेवलेले, आणि अर्थाने सारख्याच चपखल बसणाऱ्या दोन शब्दांपैकी ‘बरोबर’ कोणता हे योजकाच्या मर्जीवर. अशा व्यवहारात विद्वानाचा आणि अडाण्याचा अधिकार समान होतो, व हे विद्येचे नव्हे, जुगाराचे लक्षण होय. मुंबई सरकारने 1948 मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. तेव्हा बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्राच्या द्वारे स्पर्धा चालविणाऱ्या आर. एम. डी. चामरबागवाला यांच्या कंपनीचा व्यवहार परराज्यातील म्हणून मोकळा राहिला, आणि 1952 च्या दुरुस्तीने बाहेर छापलेल्या पत्रांनाही कायद्याच्या कक्षेत ओढण्यात आले. कंपनीने दाद मागितली. मुंबईच्या उच्च न्यायालयात तिची सरशी झाली. परंतु 9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जुगार हा व्यापारच नव्हे, असा निर्वाळा देऊन कर कायम केला. 1955 च्या केंद्रीय कायद्याने महिन्याच्या एकूण बक्षिसांवर हजार रुपयांची आणि प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा घातली होती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की ही बंधने नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांनाच लागू आहेत, जेथे यश बहुतांशी कौशल्यावर अवलंबून आहे तेथे नाहीत. ज्ञान आणि दैव यांच्यामधील सरहद्द एवढ्या स्वच्छपणे आखणारा निकाल शब्दकोड्याच्या निमित्ताने व्हावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कलगी-तुऱ्याच्या श्रोत्याला जो भेद उपजत समजत होता, त्याला येथे न्यायासनाची मान्यता मिळाली.

बक्षिसाची रक्कम आटली तरी कोडे टिकले, आणि दैनिकांतून ते घरोघरी येत राहिले. परंतु पुण्या-मुंबईत रचलेल्या त्या चौकटींत दुधनीच्या माणसाजवळील ज्ञानाचा अर्धा भाग अद्याप विचारलाच जात नाही. ‘सोलापूरचे ग्रामदैवत’ असे विचारले म्हणजे तो सहा घरांत ‘सिद्धरामेश्वर’ लिहितो. पण त्याच सिद्धरामांच्या कानडी वचनांवर ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा असते, हे त्याला कोणी विचारीत नाही. ‘दामाजीपंतांचे गाव’ म्हटले की उत्तर मंगळवेढे. बिज्जल राजाच्या पदरी असता बसवेश्वरांचे वास्तव्य ज्या गावी झाले तेही मंगळवेढेच, ही दुसरी वाट मात्र कोड्यात क्वचितच उघडते. मराठी कोडी रचणाऱ्यांनी आपल्या सूचक ओळींत कानडी वचनकार अल्लमप्रभूंना, अक्कमहादेवींना आणि हरदेशी-नागेशीच्या फडाला आता तरी घरे द्यावीत.