शोभेच्या यजमान झाडांतील फळझाड-विषाणूंचे निदान

फळबागेत रोग निर्माण करणारे विषाणू उद्याने, कुंपणे व रस्त्याकडेच्या शोभेच्या झाडांत दडलेले आहेत काय, हे तपासण्याच्या पद्धतींना शोभेच्या यजमान झाडांतील विषाणूंचे निदान म्हणतात. मुख्य पिकाखेरीज विषाणूला आश्रय देणाऱ्या अशा झाडांना पर्यायी यजमान असे म्हटले जाते. त्यांच्यावर लक्षणे बहुधा सौम्य असतात किंवा दिसतच नाहीत. त्यामुळे बागेतील रोगट झाडे काढून टाकली तरी संसर्गाचा स्रोत शिल्लक राहू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

वर्धा जिल्ह्यातील कारंजा, आष्टी व आर्वी हे तालुके विदर्भाच्या संत्रापट्ट्यात येतात. संत्रावर्गीय झाडांतील ट्रिस्टेझा विषाणूचा प्रसार कलमांच्या डोळ्यांतून व मावा किडीमार्फत होतो. तत्कालीन मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाविषयी आर. एस. वासुदेव व एस. पी. कपूर यांचा लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कपूर, राव व विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये ग्रीनिंग रोगाचा प्रसार सिट्रस सायला ही कीड करते, असे दाखविले. ग्रीनिंग त्या काळी विषाणुजन्य मानला जात असे; १९७० पासूनच्या संशोधनातून त्याचे कारण जिवाणू असल्याचे स्पष्ट झाले. लिंबूवर्गीय फळांवरील संशोधनासाठी नागपूर येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.

कामिनी (कुंती) हे शोभेचे झाड व कढीपत्ता ही दोन्ही संत्र्याच्याच रुटेसी कुलातील असून दोहोंवर सायला वाढते. पिपरी मेघेसारख्या वर्धा शहरालगतच्या वस्तीतील अंगण संत्र्याच्या बागेपासून दूर असले, तरी रोपांच्या वाहतुकीबरोबर कीडही प्रवास करू शकते.

वाहकाचा यजमान आणि रोगकारकाचा यजमान

झाडावर वाहक कीड आढळणे आणि झाडात रोगकारक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कामिनीत ग्रीनिंगचा जिवाणू अल्प प्रमाणात आढळला आहे. कढीपत्त्यावर सायला वाढत असली, तरी ब्राझीलमधील प्रयोगांत त्यात या जिवाणूचा संसर्ग टिकला नाही. म्हणून केवळ किडीच्या आधारे झाड तोडण्याचा निर्णय घेणे शास्त्रीय ठरत नाही.

तपासणीच्या पद्धती

ट्रिस्टेझासारखे विषाणू अन्नवाहिन्यांत असमान विखुरलेले असतात. म्हणून झाडाच्या चारही बाजूंच्या कोवळ्या फांद्यांची साल, पानांचे देठ व मध्यशिरा यांचे नमुने घेतात. तीव्र उन्हाळ्यात ट्रिस्टेझाचे प्रमाण घटते; त्यामुळे नवी पालवी फुटल्यानंतरचा काळ अधिक योग्य असतो.

एलायझा चाचणीत प्रतिपिंडांच्या साहाय्याने विषाणूचे प्रथिन ओळखले जाते. १९७७ नंतर वनस्पती-विषाणूंसाठी ती रूढ झाली आणि मोठ्या संख्येतील नमुन्यांसाठी ती सोयीची असते. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचे आरएनए अत्यल्प प्रमाणातही सापडते. मात्र शोभेच्या झाडांच्या पानांतील फिनॉलिक द्रव्ये या अभिक्रियेत अडथळा आणू शकतात. त्यामुळे झाडाच्या स्वतःच्या जनुकाची चाचणी सोबत केल्याखेरीज नकारात्मक निष्कर्ष विश्वसनीय मानता येत नाही.

झाड संसर्गाचा प्रत्यक्ष स्रोत आहे काय, हे जैविक चाचणीने ठरते. संशयित झाडाचा डोळा सूचक रोपावर बांधतात किंवा वाहक किडीमार्फत संक्रमण घडवून पाहतात. ट्रिस्टेझासाठी कागदी लिंबू हे सूचक रोप वापरले जाते. संसर्ग झाल्यास त्याच्या पानांच्या शिरा पारदर्शक दिसतात व खोडात खाचा पडतात. या चाचणीस काही महिने लागतात.

अन्य देशांतील उदाहरण

जपानमध्ये २००९ साली टोकियो महानगरातील ओमे येथे उमे (जपानी जर्दाळू) झाडांत प्लम पॉक्स विषाणू आढळला. फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील उद्यानातील उमे झाडे २०१४ मध्ये तोडण्यात आली. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो व अलुबुखार, पीच आणि जर्दाळू या फळझाडांची हानी करतो.