पाण्याखालचा सातबारा

पूर्णेवर धरणं नव्हती तेव्हा उन्हाळ्यात मासा कुठं जाणार हे ठरलेलं असे. होळी झाली की धार आटत जायची, पात्रात वाळू उघडी पडायची आणि पाणी उरायचं ते डोहांत. आमच्या भोयांच्या घरांत प्रत्येक डोहाला नाव होतं. कुणाला काठावरच्या झाडाचं, कुणाला लगतच्या शेतमालकाचं, एखाद्याला तिथं बुडालेल्या माणसाचं. कोणत्या डोहात किती वाव पाणी, कुठल्या कपारीत वाम बसते, कुठल्या लव्हाळ्यात मरळ पिलं घेऊन फिरते, हे पोराला मिसरूड फुटायच्या आधी पाठ झालेलं असायचं. दोन्ही हात पसरले की एक वाव. दोरीला दगड बांधून सोडायचा, दोरी वावेनं मोजायची, आणि वर आलेल्या दगडाला गाळ लागलाय की रेती ते बघायचं. रेती असेल तर पाग फेकायचा, गाळ असेल तर गळ टाकायचा. मृगाच्या पहिल्या लोंढ्याला चढणीचे मासे ओढ्यांत शिरले की सगळा गाव नदीवर यायचा. एरवी डोह आमचेच.

१९६८ साली हे सगळं पाण्याखाली गेलं. पूर्णा प्रकल्पाची दोन धरणं त्या साली उभी राहिली. वर जिंतूर तालुक्यात येलदरी, तिची भिंत सुमारे ५१ मीटर उंच. तिच्या खालच्या अंगाला औंढ्याजवळ सिद्धेश्वर, सुमारे ३८ मीटर. येलदरीत वीज तयार करून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरात यायचं आणि तिथून कालव्यानं वसमत-परभणीकडच्या शेतांना जायचं.   कालव्याखालच्या शेतकऱ्याचं भलं झालं, यात शंका नाही. भोयाच्या वाट्याला मात्र कधी पाहिलं नव्हतं एवढं पाणी आलं आणि त्यात मासा कुठं आहे हे कुणालाच सांगता येईना. आजोबांच्या तोंडी असलेली डोहांची नावं वीस-पंचवीस मीटर खाली गेली होती.

मासाही बदलला. जलाशयात कटला, रोहू, मृगल सोडले जाऊ लागले. हे गंगेकडचे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांचं बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ला ओडिशातल्या अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली.  त्या प्रयोगामुळे बोटुकली मुबलक मिळू लागली, आणि मराठवाड्यातल्या भोयाला जन्मात न पाहिलेल्या माशाचा स्वभाव नव्यानं शिकावा लागला. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. जाळं किती खोल टांगायचं ते यावरून ठरतं.

जाळीही सुताची जाऊन तंगूसची आली. हलकी, स्वस्त, पाण्यात न दिसणारी. पण तळाशी अडकली की संपली. बुडालेल्या जमिनीत बाभळीची खुंटं होती, बांध होते, विहिरींचे कठडे होते, घरांच्या भिंती होत्या. पहिली काही वर्षं माझ्या वडिलांच्या पिढीचा निम्मा जीव जाळी सोडवण्यात गेला.

यातून वाट निघाली ती शेतकऱ्यांमुळं. ज्यांची जमीन गेली, त्यांना तळाचा बांध न् बांध ठाऊक होता. वडील उठून गेलेल्या लोकांच्या नव्या वस्तीवर जायचे, ओट्यावर बसायचे आणि विचारायचे, ‘पाटील, तुमची विहीर चिंचेच्या कोणत्या अंगाला होती?’ त्या माणसालाही बरं वाटे. तो काडी घेऊन मातीत रेघा ओढी : हा माझा मळा, ही पांदण, इथून नाला नदीला मिळायचा. सरकारदरबारी त्या जमिनीचं संपादन होऊन विषय मिटला होता. तिचा खरा सातबारा आता भोयांच्या कामाला येत होता. पांदणीवरून जाळं सरळ टाकता यायचं, कारण तिथं झाड नव्हतं. नाल्याचं तोंड सापडलं की मासा सापडायचा. वैशाखात पाणी उतरलं की मासा पुन्हा जुन्या पात्रातच गोळा व्हायचा, म्हणजे आजोबांचे डोहही कामाला आले.

आता मासा शोधायच्या यंत्राकडे येतो. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटात नोकरीला आहे. तिथली तळी थंडीत गोठतात. लोक बर्फाला गिरमिटानं भोक पाडतात, शेजारी स्टूल टाकून बसतात आणि भोकात गळाबरोबर सोनारचा, म्हणजे प्रतिध्वनीवरून मासा दाखवणाऱ्या यंत्राचा, डोळा सोडतात. त्यानं फोनवर ते दाखवलं आणि विचारलं, ‘काका, आपल्या मच्छीमार सोसायटीसाठी यातलं एखादं आणू का?’ शाळेत विज्ञान शिकवत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मी नीट चौकशीला लागलो.

यंत्राचा जन्म बर्फाशीच जोडलेला आहे. १९१२ला टायटॅनिक बुडाली आणि हिमनग आधी कसा कळेल यावर युरोप-अमेरिकेत खटपट सुरू झाली. प्रतिध्वनीवरून पाण्यातलं अंतर मोजायची विद्या त्यातून वाढली, पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांमागे लागली, आणि १९४८ला जपानात नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी तिला माशांच्या मागे लावलं. एका जाणत्या कोळ्यानं त्यांना सांगितलं होतं की जिथं बुडबुडे वर येतात तिथं खाली मासा असतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घाटावरची म्हातारी माणसं आठवली. तीही बुडबुडेच बघायची. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते आणि आवाज मुख्यतः तिच्यावरूनच परत फिरतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणून पंधरा मीटर खोलवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा पन्नासावा हिस्सा लागतो.

बर्फावरच्यांचं आवडतं यंत्र म्हणजे गोल तबकडीचा फ्लॅशर. त्यात मागचं काही राहत नाही, या क्षणी खाली काय आहे तेवढंच दिसतं : हिरवी रेघ म्हणजे क्षीण प्रतिध्वनी, तांबडी म्हणजे जोरदार. एका भोकावर तासन्‌तास बसणाऱ्याला ते उत्तम. आमचा माणूस थर्मोकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून सरकत असतो. त्याला मागे काय गेलं हे दाखवणारा आलेखाचा पडदा हवा.

दुसरी गोष्ट शंकूची. आवाज खाली शंकूसारखा पसरतो. वीस अंशांचा शंकू पंधरा मीटरवर जेमतेम पाच मीटर रुंद जागा दाखवतो. पाणी पाच मीटरच असेल तर पावणेदोन. उन्हाळ्यात, म्हणजे मासा दाटीनं असतो तेव्हाच, यंत्राची नजर अशी आखडते. साठ अंशांचा शंकू पंधरा मीटरवर सतरा मीटर दाखवतो, पण त्यात खुंट आणि मासा एकमेकांत मिसळतात. दोन्ही शंकू असलेलं यंत्र घ्यावं.

तिसरी गोष्ट माशांची. कटला वर चरणारा. तिथं शंकू अरुंद, आणि तराफा जवळ आला की तो पळतो. मरळ काठच्या गवतात. मृगल तळाशी, वाम गाळात, दोन्ही तळाच्या रेघेत झाकलेले. झिंग्याला हवेची पिशवीच नाही. राहिला रोहू. तोच नीट दिसणार. एका रोहूसाठी सोसायटीनं ठेक्याचे आणि बोटुकलीचे पैसे भरून वर एवढा खर्च करावा, असं मला वाटत नाही.

तरीही मी पुतण्याला ‘आण’ म्हणालो, कारण तळ मात्र यंत्राला चोख दिसतो. खुंट, कठडा, भिंत, जुन्या पात्राची खोल घळ, सगळं. आमच्या भागात ज्यांनी सिद्धेश्वरचा तळ कोरडा पाहिला, ते १९६८ला पोरसवदा असले तरी आज सत्तरीच्या आसपास आहेत. ओट्यावर बसून विहिरीची जागा सांगणारे तर बहुतेक गेले. पुतण्याला एकच अट घातली : जागा नोंदवून तिला आपल्या अक्षरांत नाव देता येईल असंच यंत्र हवं. दिवाळीनंतर धरण भरलेलं असतं. तेव्हा एकेका म्हाताऱ्याला नावेत बसवून सगळं पाणी फिरायचं, वर तो सांगेल ती विहीर खाली पडद्यावर धरायची आणि नाव घालायचं. मे महिन्यात पाणी उतरलं की पडताळायचं. मासा आमची पोरं शोधतील, त्याला फार अक्कल लागत नाही. फाटणारी जाळी वाचली तर यंत्राचा पैसा वसूल, आणि डोहांची नावं पोरांच्या फोनमध्ये राहतील ती वर.